तिच्या नावाचं कुंकू

फोनवर कुणा बाईचा फोटो आला की मी आधी तिचं कपाळ बघते. निवडणुकीच्या दिवसांत असे फोटो सकाळपासून येत राहतात. वर दोन ओळी, खाली दोन ओळी, मध्ये कुणाचा तरी चेहरा. आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक चुलतभाऊ ते टाकतो, दुसरा त्यावर हसतो, आणि कुणीतरी हटकून लिहितं, ‘या मोबाइलनं माणसांची वाट लावली.’ मी मोबाइलला दोष देत नाही. हे सगळं मी काशीत, नव्वदच्या दशकात, झेरॉक्सच्या यंत्रावर होताना पाहिलंय. तेव्हा आमच्या घरात साधा फोनसुद्धा नव्हता.

आमचं घर बालाजी घाटाच्या वरच्या गल्लीत. बाबा संस्कृत पाठशाळेत शिकवायचे, आई घर बघायची, आणि मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी आणि भांडताना दोन्ही, अशी आमची रीत. त्या वर्षी मात्र गल्लीत भांडणंही होत नव्हती. लोक नुसते एकमेकांकडे बघायचे आणि बोलता बोलता आवाज खाली आणायचे. मागच्या काही वर्षांत शहरानं इतके कर्फ्यू पाहिले होते, की दूधवाल्याला उशीर झाला तरी आई आधी रेडिओ लावायची.

लोकसभेची निवडणूक लागली होती. प्रचाराच्या जीपगाड्या आमच्या गल्ल्यांत शिरत नाहीत, म्हणून कार्यकर्ते सायकलच्या कॅरिअरला टेपरेकॉर्डर बांधून घोषणांच्या कॅसेटी वाजवत फिरायचे. आणि परचे वाटायचे. परचा म्हणजे पत्रक; पण हे परचे छापखान्यातले नव्हते. खाली ना पक्षाचं नाव, ना पत्ता. कुठूनतरी कापलेलं चित्र, त्याच्या वर-खाली स्केचपेननं लिहिलेल्या यमकाच्या ओळी, आणि झेरॉक्स. ज्याच्या हाती पडेल तो आणखी प्रती काढून पुढे द्यायचा. प्रतीची प्रत, तिचीही प्रत, असं होत होत चित्रातली माणसं काळवंडत जायची. ओळी तेवढ्या कुणीतरी पुन्हा गिरवायचं, त्यामुळे त्या ठळक राहायच्या. चहाच्या दुकानात माणसं ते वाचून खो खो हसायची. यमक जुळलं की खऱ्याखोट्याचं कुणाला पडलेलं नसतं.

चैत्रात आमच्याकडे गौर बसायची. लाकडी चौकटीतला पितळी झोपाळा, त्यात अन्नपूर्णा. तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत महिनाभर ती माहेरी आलेली, म्हणून तिचे लाड. मधल्या एका दिवशी मोठं हळदीकुंकू आणि शेवटच्या दिवशी निरोपाचं. आई भल्या सकाळी बाजारातून टिकोरे, म्हणजे कोवळ्या कैऱ्या आणायची, त्यांची वाटली डाळ करायची, पन्ह्यात वेलदोडा पडला की घरभर वास सुटायचा. गौरीपुढच्या आराशीसाठी काशीची रंगीत लाकडी खेळणी असायची. हत्ती, घोडे, बँडवाले, एक लठ्ठ शिपाई. लहानपणी तो शिपाई मी सारखा पालथा घालायची आणि धपाटा खायची.

या हळदीकुंकवाला चाची यायची. चाची म्हणजे माझ्या शाळेतल्या मैत्रिणीची आई. पंचगंगा घाटाच्या वरच्या मशिदीपलीकडे त्यांचं घर होतं आणि घरातच मागावर बनारसी साड्या विणल्या जायच्या. आम्ही दोघी मुली एका बाकावर बसायचो, त्यामुळे आया शाळेच्या फाटकाशी भेटायच्या. त्यांची ओळख कधी झाली आणि मैत्री कधी झाली ते दोघींनाही सांगता आलं नसतं. चाची दर चैत्रात मागावर उरलेला जरीचा तुकडा घेऊन यायची. तो गौरीच्या पाठीमागे लावल्याशिवाय आमची आरास पुरी व्हायची नाही.

पहिल्या वर्षी मात्र पंचाईत झाली होती. आमच्यात सवाष्ण हळदीकुंकवाला येऊन कोऱ्या कपाळानं परत जात नाही. चाची तर कुंकू लावणार नव्हती. आई करंडा हातात घेऊन तिच्यासमोर अवघडून उभी राहिली, चाची ओढणी सावरत खाली बघू लागली. मग आईनं कुंकवाचं बोट वळवलं आणि झोपाळ्याच्या डाव्या खांबाला टेकवलं. म्हणाली, “ये आपके नाम का. गौरी के पास रहेगा.”

चाची एकदम हसली. “ठीक है बहनजी. मेरा हिस्सा इन्हीं के पास जमा रहे.”

तेव्हापासून तो रिवाजच पडला. इतर बायकांच्या कपाळाला कुंकू आणि चाचीच्या नावाचं खांबाला. चाचीला अत्तराचं बोट, मोगऱ्याचा गजरा आणि पन्ह्याचा मोठा पेला. आई दरवर्षी झोपाळ्याचं पितळ चिंचेनं लखलखीत करायची, चौकट ओल्या फडक्यानं पुसायची, पण डाव्या खांबावरच्या त्या जागेला पाणी लागू द्यायची नाही. तिथे कुंकवावर कुंकू बसून जाडसर खपली झाली होती. निघताना चाची ‘चलती हूँ’ म्हणायची, तेही आईनं बदलवलं. आपल्याकडे ‘येते’ म्हणतात, म्हणजे परत येणं होतं, असं तिला समजावलं. चाचीला मराठीतला तेवढाच एक शब्द येत होता आणि तो ती आमच्या जिन्यात अगदी ठसक्यात म्हणायची.

त्या निवडणुकीच्या वर्षी मैत्रिणीचं लग्न ठरलं होतं. मुलगा मदनपुऱ्यातला, घर खातंपितं, मुलगी मुलाला पसंत आणि मुख्य म्हणजे मुलगा मुलीला पसंत. चाची त्या आनंदातच हळदीकुंकवाला आली. आत आल्यावर सगळ्या बायकाच, म्हणून तिनं बुरखा उतरवून खुंटीला लावला, ओढणी डोक्यावर घेतली आणि झोपाळ्याशेजारी उभी राहून जरीचा तुकडा नीट करू लागली.

आमच्या मराठी मंडळानं त्या साली आरास-स्पर्धा काढली होती. मंडळाच्या चिटणीसबाई कॅमेरा घेऊन घरोघर फिरत होत्या. बाई मोठ्या उत्साही, आणि उत्साही माणसाला थांबवणं कठीण. नेमकं त्याच वेळी आईनं कुंकवाचं बोट उचललं आणि चाचीच्या नावाचा टिळा लावायला खांबाकडे नेलं. बाईंनी खटका दाबला. काय झालं ते तेव्हा कुणाच्या लक्षातही आलं नाही. कॅमेरा जिथे होता तिथून बघितलं, तर खांब चाचीच्या डोक्यामागे गेला होता आणि तिच्यापुढून खांबाकडे जाणारं आईचं बोट तिच्या कपाळावर टेकल्यासारखं दिसत होतं.

तो फोटो मंडळाच्या सभागृहातल्या फळ्यावर इतर आराशींच्या फोटोंबरोबर लागला. मग एक दिवस फळ्यावर चार टाचण्यांच्या मध्ये रिकामी जागा दिसली. चिटणीसबाई म्हणाल्या, कुणीतरी आवडला म्हणून नेला असेल.

बाबा एका संध्याकाळी चहाच्या दुकानातून परत आले ते चप्पल न काढता तसेच स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. आमच्या घरात हे कधी होत नसे. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून चौघडी केलेला कागद काढून आईपुढे धरला. “हे बघ. आणि आधी खाली बस.”

फोटोतली आरास कापून टाकली होती. हत्ती, घोडे, गौर, काहीच नव्हतं. आईचा हात आणि चाचीचा चेहरा, एवढंच. कपाळावर बोट टेकलं होतं तिथे कुणीतरी पेननं ठसठशीत काळा टिळा काढला होता. वर लिहिलं होतं: ‘माथे पर टीका लग गया, पड़ोसी का मन जग गया!’ खाली मत कुणाला द्यायचं ते.

आईनं तो कागद खिडकीपाशी नेऊन पाहिला. मग म्हणाली, “पण हे खोटं आहे.” तिच्या आवाजात राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. आयुष्यात पहिल्यांदाच खोटं बघितल्यासारखं.

दोन दिवसांनी मला दुसरा परचा मिळाला. विद्यापीठातून परत येताना मैदागिनच्या चौकात एकजण तो सगळ्यांच्या हातात कोंबत होता. फोटो तोच. टिळा तोच, आता आणखी मोठा. ओळी वेगळ्या होत्या: ‘आज माथे पर निशान, कल मिटेगी पहचान!’ आणि खाली मत दुसऱ्याच कुणाला तरी द्यायचं होतं. एका बाजूनं म्हटलं, बघा कशी आपल्यात आली. दुसऱ्या बाजूनं म्हटलं, बघा कशी आपल्यातून ओढून नेली. दोन्ही बाजूंचं एरवी कशावरही एकमत नव्हतं, पण टिळा खरा आहे यावर होतं. माझ्या अंगाची आग झाली. ती अजूनही होते.

आमच्याकडे मग माणसं आली. मी शिव्याशापांची तयारी ठेवली होती, आले ते हार घेऊन. चौघेजण, कपाळाला गंध, तोंडात पान. आईला वाकून नमस्कार करून त्यांच्यातला म्होरक्या म्हणाला, “माताजी, आपने बड़ा काम किया है. परसों की सभा में आपको मंच पर बैठाना है.”

आई म्हणाली, “मैंने उनको टीका नहीं लगाया. मैंने झूले को लगाया.” ती त्यांना आत घेऊन गेली, खांब दाखवला, चाची कुठे उभी होती ते दाखवलं, कॅमेरा कुठे होता ते दाखवलं. लहान मुलाला गणित समजवावं तसं सगळं समजवलं. ते मान डोलावत ऐकत राहिले. शेवटी म्होरक्या डोळा बारीक करून हसला. “हाँ हाँ माताजी, हम समझते हैं. आप यही कहिए. कहना भी यही चाहिए.”

मी आजवर बरीच घाबरले असेन, पण त्या हसण्याइतकी कशालाच घाबरले नाही. आई खरं बोलत होती आणि त्यांना वाटत होतं ती हुशारीनं खोटं बोलतेय. आई हार परत देऊ लागली, तर तो त्यांनी आमच्या दाराच्या कडीला अडकवला आणि गेले. ते गेल्यावर तिनं हार काढून गंगेत सोडायला मला पाठवलं. घाटावर उतरताना गळ्यात घातल्यासारखाच तो हार सगळ्यांना दिसत होता.

दुसऱ्या बाजूचे घरी आले नाहीत. ते चहाच्या दुकानात बाबा शिरले की बोलायचे थांबायचे. बाबांनी दुकानात जाणं सोडलं. पाठशाळेतून सरळ घरी आणि दाराला कडी.

मैत्रीण मला संकठा घाटावर भेटली. तिनेच निरोप पाठवला होता. आम्ही कधी तिथे बसत नसू, म्हणून तिनं ती जागा निवडली होती. बुरख्याचा पडदा तिनं वर केला तेव्हा डोळे सुजलेले दिसले. तिनं सांगितलं ते असं. परचा मदनपुऱ्यात पोचला होता. मुलाच्या काकांनी तो जेवायच्या दस्तरखानावर ठेवून विचारलं होतं, ही आपली होणारी विहीण आहे का? मुलाकडच्यांनी लग्नाची तयारी थांबवली होती. चाची घराबाहेर पडत नव्हती. चाचा मागावर बसून होते, पण साडी पुढे सरकत नव्हती.

“तू तो जानती है ना, अम्मी ने नहीं लगवाया,” ती म्हणाली.

“मला कशाला सांगतेस?” मी मराठीतच बोलून गेले. मग हिंदीत म्हटलं, “मैं वहीं खड़ी थी.”

“तेरे जानने से क्या होगा,” ती म्हणाली आणि पडदा खाली घेतला.

मी घरी आले ती मनात बेत पक्का करूनच. फोटोची निगेटिव्ह चिटणीसबाईंकडे असणार. पूर्ण फोटो धुऊन घ्यायचा, खांबाला बाण काढायचा, खाली खरं काय ते लिहायचं आणि झेरॉक्स काढून गल्लोगल्ली वाटायचं. ते वाटतात तर आम्हीही वाटू. यमकही मी जुळवून ठेवलं होतं. मी ते आईला मोठ्या तावातावानं वाचून दाखवलं.

आई जिरं निवडत होती. वाण्याकडून आणलेल्या पुडीतलं जिरं तिनं ताटात ओतलं होतं आणि पुडीचा कागद मांडीवर पसरून ठेवला होता. तिनं तो उचलून मला दाखवला. चाचीचा चेहरा होता, जिऱ्याच्या धुळीनं माखलेला.

“तू खरं लिहिशील,” ती म्हणाली. “पण वाटशील काय? तिचं तोंडच ना? ज्या गल्लीत अजून गेलं नसेल तिथे तू नेऊन देशील.” मग तिचा आवाज चढला. “अगं, ती बाई बुरखा घालून सडक ओलांडते, आणि वाणी तिच्यात जिरं बांधतोय! आणखी किती वेळा बांधायचं तिला?”

मी माझा कागद फाडला. आई उठली, तशीच चपला घालून वाण्याकडे गेली आणि त्याच्या रद्दीतले ते सगळे परचे उचलून घेऊन आली. वाणी म्हणाला म्हणे, “ले जाइए बहनजी, रोज़ नए आते हैं.” आईनं ते चुलीत घातले नाहीत. चाचीचा चेहरा जाळायला तिचा हात होईना. तिनं एकेक कागद पाण्यात भिजवला, चेहरा ओळखू येईनासा होईपर्यंत चोळला आणि लगदा केला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं झोपाळा देव्हाऱ्यासमोरून उचलला. चैत्रात बसलेली गौर महिना पुरा व्हायच्या आत कुणी हलवत नाही. आईनं अन्नपूर्णेला तांदळावर बसवलं, हात जोडले, “थोडा वेळ जमिनीवर बस बाई, काम आहे,” म्हणाली आणि रिकामा झोपाळा जुन्या साडीत गुंडाळला.

बाबा दारात आडवे आले. “कुठे निघालात? बात वाढवू नका. चार दिवस दम धरा, मतदान झालं की लोक विसरतील.”

“लोक विसरतील हो,” आई म्हणाली. “तोवर त्या पोरीचं लग्न मोडलेलं असेल.”

बाबांनी टोपी घातली आणि झोपाळ्याचं गाठोडं आईच्या हातून घेतलं. माझे बाबा भित्रे होते. ते त्यांनी कधी लपवलं नाही. त्या दिवशी त्यांच्या हातात गाठोड्यातली पितळी साखळी सारखी वाजत होती.

आम्ही आधी चाचीच्या घरी गेलो. चाची यायला तयार नव्हती. आईनं तिचा हात धरला आणि सोडलाच नाही. तशाच दोघी पायऱ्या उतरून रस्त्याला लागल्या. एकीच्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू आणि शेजारी काळ्या बुरख्यातली दुसरी. परच्यातलं चित्रच रस्त्यानं चालत निघालं होतं. माणसं थांबून बघू लागली. एका पानाच्या दुकानाशी कुणीतरी ‘माथे पर टीका’ म्हणून सुरुवात केली आणि बाकीच्यांनी ओळ पुरी केली. जरा पुढे, दुसऱ्या मोहल्ल्याच्या तोंडाशी, भिंतीला दुसरा परचा चिकटवलेला होता आणि त्याच्याखाली उभी असलेली माणसं काहीच बोलली नाहीत. मला त्यांचं न बोलणं जास्त जड गेलं. चाचीची पावलं अडखळत होती. आई समोर बघत चालत होती आणि दात आवळून पुटपुटत होती, “चलिए. चलिए. चलिए.”

मदनपुऱ्यातल्या त्या घराच्या बोळाशी बाबा थांबले. आत बायकांत त्यांचं काम नव्हतं. गाठोडं माझ्याकडे देऊन ते भिंतीला टेकून उभे राहिले, परक्या मोहल्ल्यात, एकटे, पांढरी टोपी आणि धोतर. आम्ही बाहेर येईपर्यंत ते तिथून हलले नव्हते.

मुलाची आई ओसरीवर बसून चरख्यावर रेशीम गुंडाळत होती. भारदस्त, उतारवयाची बाई. तिनं उठून या म्हटलं नाही, पण चटई दाखवली. आईनं काही प्रस्तावना केली नाही. गाठोडं सोडलं, झोपाळा तिच्यासमोर उभा केला आणि डाव्या खांबावर बोट ठेवलं.

“ये देखिए. जिस साल से ये मेरे घर आती हैं, हर साल का टीका यहाँ है. इनके माथे पर एक भी नहीं. उस दिन भी मेरी उँगली यहीं आ रही थी.”

बाईनं चरखा थांबवला. पुढे वाकून तिनं ती खपली पाहिली. खालचे थर जुने, काळपट. वरचा ताजा, लाल. मग तिनं उजवा खांब पाहिला. तो स्वच्छ होता. तिनं नखानं डावीकडची खपली किंचित खरवडली आणि बोट आपल्या नाकाजवळ नेलं. आत कुठेतरी माग खटाखट चालू होता, तोही थांबला.

“बहन,” ती शेवटी म्हणाली, “मैं काग़ज़ देखकर ही समझ गई थी. इस औरत को मैं जानती हूँ.” मग तिनं झोपाळ्याकडे हात केला. “मगर आप ये झूला लेकर किस-किस के घर जाएँगी?”

आईनं झोपाळा परत साडीत गुंडाळायला घेतला. गाठ काही केल्या बसेना. तेव्हा ती बाई उठली, आईच्या हातातून टोकं घेऊन तिनं स्वतः गाठ मारून दिली आणि म्हणाली, “शादी होगी. मेरा लड़का है, मैं देख लूँगी.” मग चाचीकडे वळून, “तुम ज़रा अंदर आओ.”

चाची आतून आली तेव्हा पडदा खाली होता, त्यामुळे चेहरा दिसला नाही. आम्हाला बघायची गरजही वाटली नाही. लग्न होणार होतं! बोळाच्या तोंडाशी बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी टोपी काढून कपाळ पुसलं आणि बराच वेळ टोपी हातातच धरली. आईनं घरी येऊन गौरीला परत झोपाळ्यात बसवलं, साखरेचा नैवेद्य दाखवला आणि त्या दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवली.

अक्षय्य तृतीयेला गौर माहेराहून निघते. मतदान अजून व्हायचं होतं, सायकलवरच्या कॅसेटी चालूच होत्या. निरोपाच्या हळदीकुंकवाला नेहमीच्या निम्म्याच बायका आल्या आणि कुणीही खांबाकडे बघितलं नाही. सगळ्या गेल्यावर, दुपार कलताना, चाची आली. मागच्या बाजूच्या गल्लीनं आली होती. जरीचा तुकडा तिनं आणला होता, या वेळी नुसता उरलेला नव्हे, चांगला हातभर, गुलाबी, बुट्ट्यांचा. लग्नाची तारीख धरली होती. आईनं तिच्या तोंडात साखर घातली, दोघी हसल्या, मी पन्हं आणलं. चाचीनं ते उभ्यानंच प्यायलं.

मग आईनं करंडा उघडला, कुंकवात बोट बुडवलं आणि खांबाकडे वळली.

“बहनजी,” चाची म्हणाली. “इस बार नहीं.”

आईला वाटलं, चाची घाबरलीय. “इथे कोण बघतंय?” ती मराठीतच म्हणाली. “कॅमेरा नाही, कुणी नाही. हम दोनों ही तो हैं.”

“उनकी एक ही शर्त थी,” चाची म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता, भाजीचा भाव सांगावा तसा. “उन्होंने कहा, माथे पर नहीं लगा, मैं मानती हूँ. मगर खंभे पर तो तुम्हारे ही नाम का लगा है ना? अब से नाम का भी नहीं. मैंने कह दिया, नहीं लगेगा.”

आईचं बोट हवेतच राहिलं. आपलीच साक्ष आपल्यावर कशी उलटली ते तिच्या चेहऱ्यावर हळूहळू उतरताना मी बघत होते. ती खपली तिनंच गाठोड्यात बांधून त्या ओसरीवर नेली होती. तिनं एकदा खांबाकडे पाहिलं, एकदा चाचीकडे. कुंकवाचं बोट परत करंड्यात घालायचं नसतं. दुसऱ्या कुणाला लावावं तर मी एकटीच होते आणि माझं लावून झालं होतं. शेवटी आईनं ते बोट आपल्या पदराला पुसलं. कुंकू कापडाला पुसलं म्हणून जिनं मला लहानपणी रागावून रडवलं होतं, त्या माझ्या आईनं.

चाचीनं बुरखा घातला. जरीचा तुकडा गौरीमागे लावलेला होता, तो तिनं एकदा सरळ केला. मग जिना उतरू लागली आणि खालच्या पायरीवरून नेहमीच्याच ठसक्यात म्हणायचा प्रयत्न करत म्हणाली, “येते.”

त्यावर आई नेहमी लगेच ‘या’ म्हणायची. त्या दिवशी ती पदराचा तो लाल डाग मुठीत धरून जिन्याच्या तोंडाशी उभी राहिली. ती ‘या’ म्हणाली तेव्हा चाची गल्लीचं वळण ओलांडून गेली होती.